राक्षस उशिरा येतो: राक्षसकथेच्या बांधणीची पार्श्वभूमी

राक्षसाची गोष्ट लिहायला बसलेला नवखा लेखक बहुधा राक्षसाच्या वर्णनापासूनच सुरुवात करतो. सुळे, नखे, लाल डोळे आणि जमीन हादरवणारी पावले असे सारे काही पहिल्याच पानावर खर्ची पडते आणि दुसऱ्या पानापासून वाचकाला भिण्यासारखे काही उरत नाही. ज्या कथा शतकानुशतके टिकल्या त्यांची बांधणी तपासली, तर त्यांतला राक्षस उशिरा येतो आणि त्याच्या येण्याआधी एक घर, एक नियम आणि एक वाट पाहणे उभे केलेले असते, असे दिसते.

याचा सर्वांत परिचित नमुना महाभारताच्या आदिपर्वात आहे. बकासुराची कथा सुरू होते ती एकचक्रा नगरीतल्या एका ब्राह्मणाच्या घरातून ऐकू येणाऱ्या रडण्याने. कुंती कान देते, आत जाते आणि नियम कळतो: गाडाभर भात, दोन रेडे आणि तो गाडा नेणारा एक माणूस, असा बकाचा कर ठरलेला असून तो घराघराने पाळीने भरायचा आहे. आता या घराची पाळी आली आहे. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. आणि सर्वांत लहान, अजून नीट बोलताही न येणारा मुलगा हातात गवताची काडी घेऊन म्हणतो, हिनेच मी राक्षसाला मारीन. त्या रडत्या घरात क्षणभर आनंद पसरतो. राक्षसाचे दर्शन होण्याआधीच श्रोत्याचा जीव त्या मुलात अडकलेला असतो, आणि माझ्या मते सबंध कथेची ताकद या एका काडीत आहे.

पुढचा भागही तितकाच नेमका आहे. भीम गाडा घेऊन जातो, बकाला हाक मारतो आणि त्याच्यासाठी आणलेले अन्न स्वतःच खात बसतो. बक संतापून पाठीवर प्रहार करतो, तरी भीम मागे वळून पाहत नाही. जेवण संपवून, हात धुऊन मगच लढायला उठतो. कीर्तनकारांनी हा प्रसंग पिढ्यान्पिढ्या रंगवला, कारण युद्धापेक्षा युद्ध लांबवण्यातली गंमत त्यांना ठाऊक होती. शेवटी बकाचे प्रेत नगराच्या वेशीत टाकून भीम कोणाच्या नजरेस न पडता निघून जातो आणि सकाळी लोकांना फक्त प्रेत दिसते.

दुसरा धागा थेट गोदावरीकाठी नेतो. पैशाची नावाच्या प्राकृत भाषेतल्या ‘बृहत्कथे’चा कर्ता गुणाढ्य याला परंपरा प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजसभेशी जोडते. त्याचा मूळ ग्रंथ हरवला, पण काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त त्याचे कथाधन उतरले आणि त्यातच वेताळाच्या कथा आहेत. त्यांचा राजा त्रिविक्रमसेन प्रतिष्ठानचाच. एका भिक्षूसाठी तो स्मशानातल्या झाडावर लटकणारे प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि कोडे घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे डोके फुटणार, आणि बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाणार. भीती टिकवून धरणारा याहून काटेकोर नियम मला तरी दुसरीकडे आढळलेला नाही. चोविसाव्या कोड्याचे उत्तर राजाला सुचत नाही, तो मुकाट चालत राहतो आणि त्या धैर्यावर प्रसन्न होऊन वेताळच त्याला सावध करतो की खरा घातकी तो भिक्षू आहे. राक्षस मित्र ठरतो आणि माणूस वैरी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठी गद्यात आणली, तेव्हा छापील मराठीला हे वळण तयारच मिळाले.

युरोपातली आधुनिक राक्षसकथा घडली ती एका बिघडलेल्या उन्हाळ्यात. एप्रिल 1815 मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि त्याच्या राखेमुळे 1816 चा युरोपीय उन्हाळा थंड व पावसाळी गेला. जिनिव्हा सरोवराकाठी घरात अडकून पडलेल्या मंडळींपुढे लॉर्ड बायरनने प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी अशी कल्पना मांडली. अठरा वर्षांच्या मेरी शेलीला बरेच दिवस काही सुचेना. मग अर्धवट झोपेत तिला आपणच जोडलेल्या देहाजवळ गुडघे टेकून बसलेला विद्यार्थी दिसला. तिने प्रथम लिहिला तो नोव्हेंबरच्या उदास रात्रीचा, जीव ओतण्याचा प्रसंग. पण 1 जानेवारी 1818 रोजी ‘फ्रँकेन्स्टाइन’ प्रसिद्ध झाली तेव्हा हा प्रसंग काही प्रकरणे मागे सरकला होता आणि कादंबरी सुरू होत होती उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या एका नाविकाच्या पत्रांनी. जे आधी सुचले ते आधी सांगायचे नाही, हा निर्णय लेखनकलेच्या दृष्टीने फार मोठा आहे. कादंबरीच्या मध्यभागी तर तो निर्मित जीव स्वतःच बोलतो, आपले एकटेपण सांगतो आणि शेवटी बर्फावरून अंधारात दिसेनासा होतो. त्याचे प्रेत कोणत्याही वेशीत सापडत नाही. 1897 च्या ‘ड्रॅक्युला’ने रोजनिश्या, पत्रे आणि कात्रणांची जुळणी करून नायकपिशाच्चाला बहुतांश पानांवर दृष्टीआडच ठेवले.

मराठी लेखकाजवळ आणखी एक ठेवा होता. पिंपळावरचा मुंजा, उलट्या पावलांची हडळ, पाण्यातला गिऱ्हा, रानात वाट चुकवणारा चकवा, यांतल्या प्रत्येकाची जागा आणि रीत ठरलेली असते. त्यामुळे गावाकडचा सांगणारा आधी झाड, विहीर किंवा पाणंद दाखवतो आणि ऐकणाऱ्याला पुढचे आपोआप कळते. नारायण धारप (1925–2008) यांनी ही जाण मध्यमवर्गीय घरात आणली आणि तिला पाश्चात्त्य भयकथेची जोड दिली, तर रत्नाकर मतकरी (1938–2020) यांच्या गूढकथांत अमंगळ बरेचदा माणसाच्या मनातूनच वर येते. दोघांच्याही अनेक कथा साध्या घरगुती तपशिलाने सुरू होतात, आणि पहिली काही पाने वाचताना ही राक्षसाची गोष्ट आहे याची खूण क्वचितच लागते.