मासे-टेहळणी विमानांचे रेडिओ संभाषण टिपणे

माशांचे थवे आकाशातून शोधणारे वैमानिक आणि समुद्रावरच्या मासेमारी बोटी यांच्यातले बोलणे रेडिओ स्कॅनरवर (एकामागून एक चॅनल तपासणाऱ्या रेडिओवर) ऐकणे. कुणाचा हा निव्वळ छंद असतो, तर प्रतिस्पर्धी बोटींसाठी सरळसरळ पाळत.

अशी विमाने मुख्यतः अमेरिकेत दिसतात. अटलांटिक किनाऱ्यावर व मेक्सिकोच्या आखातात ती मेनहेडन जातीचे मासे शोधतात, अलास्कात हेरिंग जातीचे. कॅलिफोर्नियात काळोख्या रात्री सार्डिनच्या हालचालीने पाण्यातले सूक्ष्मजीव चमकतात आणि त्या उजेडावरून थवा ओळखू येतो. पण थवा सापडला म्हणून वैमानिकाचे काम संपत नाही. मेनहेडनभोवती दोन बोटी पर्ससीन (खालची बाजू दोरीने आवळून बंद होणारे) जाळे वेढतात. बोटीवरून थव्याची कड नीट दिसत नाही, त्यामुळे कुठे वळायचे, वेढा कधी बंद करायचा, हे वरूनच सांगावे लागते. साहजिकच हे बोलणे तुटक आणि घाईचे असते.

अमेरिकी नियमांत सागरी व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारता) पट्ट्यातला 88ए चॅनल (157.425 मेगाहर्ट्झ) मासेमारी बोटी व त्यांच्या विमानांना वापरता येतो. (जहाजांची ओळख व जागा आपोआप कळवणाऱ्या एआयएस यंत्रणेसाठी गेलेला 88बी तो वेगळा.) विमाने आपसांत हवाई पट्ट्यावर बोलतात; त्यासाठीची नेहमीची वारंवारता 122.750 मेगाहर्ट्झ. सागरी पट्टा एफएम, हवाई पट्टा एएम. स्कॅनर चुकीच्या पद्धतीवर राहिला तर आवाज फाटका येतो, आणि नवखे श्रोते दोष अँटेनाला देतात.

खरी गंमत उंचीची आहे. व्हीएचएफ लहरी साधारण क्षितिजापर्यंतच पोचतात. 10 मीटर उंच अँटेना असलेल्या दोन बोटींना एकमेकींचे बोलणे सुमारे 26 किलोमीटरपर्यंत ऐकू येते; 300 मीटरवरच्या विमानाचे मात्र त्याच अँटेनावर 80 किलोमीटरहून अधिक अंतरावरून येते. त्यामुळे किनाऱ्यावरच्या श्रोत्याला बहुधा वैमानिकच ऐकू येतो. बोटीने काय विचारले, ते त्याच्या उत्तरांवरून ताडायचे.

अमेरिकेच्या 1986च्या कायद्याने सागरी व हवाई संभाषण ऐकण्यास मुभा दिली, पण स्क्रॅम्बलर (आवाज मुद्दाम न कळण्याजोगा करणारे यंत्र) लावलेले बोलणे उलगडण्यास नाही. थव्याची जागा फुटू नये म्हणून ताफे सांकेतिक शब्द किंवा स्क्रॅम्बलर वापरतात. तेव्हा शब्द कळत नाहीत, पण बराच वेळ शांत असलेल्या चॅनलवर अचानक भराभर देवाणघेवाण सुरू झाली, की कुठेतरी जाळे पडते आहे एवढे जाणत्या कानाला समजते.