केवडा: उसावरचा आणि समुद्रातला

उसाची कोवळी पानं पिवळट-पांढरी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की सांगलीकडचा शेतकरी लांबूनच सांगतो, 'केवडा पडलाय.' मग हिराकस, म्हणजे लोहाचं खत, आणायचं, शेणखतात मुरवून सरीत टाकायचं, नाहीतर फवारायचं. गंमत अशी, की आपल्या चुनखडीच्या रानात लोह नसतं असं नाही. ते अडकून बसतं, मुळांना मिळत नाही. समुद्रातल्या शेवाळांचं दुखणं जवळपास हेच आहे, आणि ते कळलं तेही शेतीच्या वाटेनेच.

पिकाची वाढ सगळ्यात कमी पडणाऱ्या अन्नद्रव्यापाशी अडते, हे जर्मनीत कार्ल स्प्रेंगेलने १८२८ मध्ये मांडलं. नाव मात्र युस्टुस फॉन लीबिगचं झालं. १८९९ मध्ये कार्ल ब्रांटने तोच नियम समुद्राला लावला. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेच्या अल्फ्रेड रेडफिल्डने दाखवलं, की खोल पाण्यातलं नत्र-स्फुरदाचं प्रमाण आणि तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींच्या, म्हणजे याच शेवाळांच्या, अंगातलं प्रमाण जवळजवळ एकच आहे. आपल्या द्राक्षवाल्याला १९:१९:१९ तोंडपाठ असतं, तसं सागरशास्त्रात १०६:१६:१: कार्बन, नत्र, स्फुरद.

एक कोडं मात्र सुटेना. अंटार्क्टिकाभोवतीच्या पाण्यात नत्र-स्फुरद भरपूर, तरी शेवाळ बेताचंच. लोह कमी असेल अशी शंका जुनीच होती, पण मोजायचं कसं? जहाज लोखंडाचं, तारा लोखंडाच्या, नमुन्यात गंजच उतरायचा. अमेरिकन सागरशास्त्रज्ञ जॉन मार्टिनने अतिशय स्वच्छ पद्धतीने मोजमाप केलं, तेव्हा लोह नगण्य निघालं. 'अर्धं टँकर लोह द्या, हिमयुग आणून दाखवतो,' असं तो १९८८ मध्ये गमतीने म्हणाला. हिशोब असा, की लोह मिळालं की शेवाळ वाढेल, हवेतला कार्बन शोषून तळाशी नेईल आणि पृथ्वी गार होईल. त्याची कल्पना उघड्या समुद्रात तपासली गेली ती १९९३ मध्ये, गॅलापागोस बेटांजवळ. ते पाहायला तो उरला नव्हता. काही महिने आधीच वारला.

२००९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनांबरोबर दक्षिण महासागरात असाच प्रयोग केला. नाव 'लोहाफेक्स', त्यातलं 'लोहा' आपलंच. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात ओतलं काय, तर फेरस सल्फेट. म्हणजे हिराकसच! शेवाळ वाढलंही. पण तिथे सिलिका नव्हती, त्यामुळे तिच्यापासून काचेसारखं कवच बनवणारी डायटम नावाची शेवाळं वाढली नाहीत. जे वाढलं ते बारीक जीवांनी फस्त केलं आणि कार्बन तळाशी फारसा गेला नाही. लीबिगचा नियम पिंपाच्या चित्राने समजावतात: सगळ्यात आखूड फळीपाशी पाणी गळतं. ते पिंप पुन्हा दुसऱ्याच फळीपाशी गळलं.

आता तापमानवाढीने यात भर घातली आहे. तापलेलं पाणी हलकं होऊन वर साचतं आणि खालची अन्नद्रव्यं वर येईनात. नांगर न फिरलेल्या रानासारखं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की पश्चिम हिंदी महासागरातली सूक्ष्म वनस्पती सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटली. बंगालच्या उपसागरावर तर आधीपासूनच झाकण आहे: गंगा, गोदावरी आणि आपली कृष्णा यांच्या गोड्या पाण्याचं.

शेवाळं मात्र हातावर हात ठेवून बसलेली नाहीत. स्फुरद तुटलं की काही जाती पेशीच्या पडद्यातले स्फुरदाचे स्निग्ध रेणू काढून गंधकाचे घालतात. समुद्रात गंधकाला तोटा नाही. लोह तुटलं की लोहयुक्त फेरेडॉक्सिनच्या जागी फ्लॅव्होडॉक्सिन हे बिनलोहाचं प्रथिन कामाला लावतात. प्रोक्लोरोकॉकस हा जीव तर अंगानेच इतका बारीक, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, की अन्नद्रव्यं विरळ असलेल्या पाण्यातूनही त्याचं भागतं. ट्रायकोडेस्मियम हे दुसरं शेवाळ सोयाबीनच्या गाठींसारखं हवेतलं नत्र धरतं, फक्त त्यासाठी त्याला लोह जास्त लागतं.

अलीकडे लक्ष वेधलंय ऱ्होडॉप्सिनने. आपल्या डोळ्यातल्या रंगद्रव्याचं हे भावंड. काही डायटम त्याच्या जोरावर लोहाशिवाय उन्हातून ऊर्जा मिळवतात. साखर मात्र त्यातून बनत नाही. ती हरितद्रव्याच्या वाटेनेच बनते, आणि त्या वाटेला लोह लागतंच.