‘मी एकटा’ म्हणवून घेणारा गव्हर्नर

१८ मार्च १७८१. फ्लोरिडातल्या, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पेन्साकोलाच्या खाडीत शिरायला स्पॅनिश आरमाराचा प्रमुख कालवो काही केल्या तयार होईना. तोंडाशी वाळूचा दांडा, त्याचं मोठं जहाज आधीच एकदा तळाला घासलेलं, आणि किनाऱ्यावर ब्रिटिशांच्या तोफा. शेवटी लुइझियाना या उत्तर अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतीचा ३४ वर्षांचा गव्हर्नर बेर्नार्दो दे गाल्वेझ स्वतःचं छोटं जहाज घेऊन तोफांच्या माऱ्यातून आत गेला. गोळे चुकले. दुसऱ्या दिवशी खजील झालेलं बाकीचं आरमार मागोमाग आलं. याबद्दल राजाने त्याच्या मानचिन्हात दोन शब्द घालायची मुभा दिली : ‘यो सोलो’, म्हणजे ‘मी एकटा’.

तसा तो त्या दिवशीही एकटा नव्हता. मागे रियान्यो नावाच्या अधिकाऱ्याचं गलबत होतं, शिवाय दोन तोफनौका. हा रियान्यो पुढे गाल्वेझचा साडू झाला. गाल्वेझची गोष्ट समजून घ्यायची तर या नातेसंबंधांपासूनच सुरुवात करावी लागते.

स्पेनमधल्या मालागाजवळच्या माचारावियाया या खेड्यात १७४६ साली तो जन्मला. घराणं खानदानी, पण पैसा बेताचा. नशीब काढलं ते काका होसे दे गाल्वेझ यांनी. राजाचे खास तपासनीस म्हणून ते मेक्सिकोत, म्हणजे तेव्हाच्या स्पॅनिश वसाहतीत, गेले आणि १७७६ मध्ये वसाहतींचे मंत्री झाले. पुतण्या त्याआधी उत्तर मेक्सिकोत अपाचे या मूळनिवासी टोळ्यांशी लढून जखमी झाला होता, उत्तर आफ्रिकेतल्या अल्जीयर्सवरच्या १७७५ च्या मोहिमेतही जखमी झाला. शौर्य खरंच होतं. पण १ जानेवारी १७७७ रोजी लुइझियानाची सूत्रं हाती आली, त्यात काकांचा हात नव्हता असं कोण म्हणेल?

लुइझियाना हा मुळात फ्रेंचांचा मुलूख. १७६२ मध्ये तो स्पेनला मिळाला, तरी न्यू ऑर्लिन्सची जनता फ्रेंचच बोलत होती आणि सुरुवातीला तिने बंडही केलं होतं. गाल्वेझने तिथल्याच सेंट-मॅक्सेंट या श्रीमंत व्यापारी घराण्यातल्या फेलिसिते या तरुण विधवेशी लग्न केलं. तिची एक बहीण आधीच्या गव्हर्नरला, उन्सागाला, दिलेली होती. म्हणजे खुर्ची एका साडूकडून दुसऱ्याकडे गेली! या सोयरिकीने जे साधलं ते फौजेला साधलं नसतं.

ब्रिटनविरुद्ध उठलेल्या अमेरिकन बंडखोरांना चोरून मदत उन्सागाच्याच काळात सुरू झाली होती. गाल्वेझने ती वाढवली. ऑलिव्हर पोलॉक या आयरिश व्यापाऱ्यामार्फत बंदुकीची दारू, कापड, औषधं मिसिसिपीतून वर जात. पोलॉक पुढे या उधारीत पार बुडाला.

१७७९ मध्ये स्पेनने ब्रिटनशी युद्ध पुकारलं. ऑगस्टमध्ये वादळाने गाल्वेझच्या बहुतेक होड्या बुडवल्या, तरी तो निघाला. सोबत सुमारे पावणेसातशे माणसं : शिपाई, कॅनरी बेटांवरून आणून वसवलेले शेतकरी, स्वतंत्र कृष्णवर्णीयांची पलटण. वाटेत अकेडियन (ब्रिटिशांनी कॅनडातून हाकललेले फ्रेंच वसाहतकरी) आणि मूळनिवासी लोक येऊन मिळाले. मिसिसिपीकाठच्या बॅटन रूज या ब्रिटिश ठाण्यापाशी त्याने रात्री एका बाजूच्या झाडीत मुद्दाम गोंगाट करायला माणसं पाठवली. ब्रिटिश रात्रभर तिकडेच गोळे डागत राहिले आणि दुसऱ्या बाजूला याच्या तोफा चढल्या. २१ सप्टेंबरला किल्ला पडला. पुढच्या मार्चमध्ये मोबील हे ब्रिटिशांचं बंदर घेतलं. १७८१ मध्ये पेन्साकोलाचा वेढा दोन महिने चालला. ८ मे रोजी एक गोळा ब्रिटिशांच्या दारूकोठारावर पडला आणि दोन दिवसांत शहर शरण आलं.

१७८५ मध्ये वडिलांच्या जागी तो मेक्सिकोचा व्हाइसरॉय झाला. ते वर्ष भीषण दुष्काळाचं. त्याने स्वतःचे पैसे घालून धान्य आणवलं, लोकांना कामं काढून दिली. एकदा तर फासावर चाललेल्या तिघांना रस्त्यातच माफ केलं. लोक खूश, माद्रिद नाराज.

त्याच माणसाने १७८६ मध्ये अपाचेंविषयी लिहिलेल्या सूचना वाचल्या की अंगावर काटा येतो. लढत राहा, पण तह मागितला तर द्या. त्यांना मद्याची चटक लावा. बंदुकाही द्या, मात्र लवकर मोडतील अशा, म्हणजे दुरुस्तीला आपल्याकडेच यावं लागेल. त्याच्या मते वाईट तहसुद्धा चांगल्या युद्धापेक्षा स्वस्त पडत होता. स्पॅनिश सरहद्दीवर पुढे कितीतरी वर्षं याच धोरणाने कारभार चालला.

३० नोव्हेंबर १७८६ रोजी मेक्सिको शहराजवळच्या ताकुबायात आजारपणाने तो गेला. वय ४०. फेलिसिते गरोदर होती. मुलगी काही दिवसांनी जन्मली. पोलॉकने १७८३ मध्ये अमेरिकन काँग्रेसला दिलेलं त्याचं चित्र कुठेतरी गडप झालं. त्याची प्रत कॅपिटॉलमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या इमारतीत, लागायला डिसेंबर २०१४ उजाडला, आणि अमेरिकेचं मानद नागरिकत्वही त्याच महिन्यात मिळालं. पेन्साकोलाला मागून आलेला साडू रियान्यो मात्र मेक्सिकोतच राहिला. तिथल्या ग्वानाह्वातो प्रांताचा प्रशासक असताना, १८१० मध्ये, स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या लोकांशी लढताना तो मारला गेला.