लाल क्लोव्हरचा काढा आणि कुजक्या चाऱ्याचा ठपका
लाल क्लोव्हर हे आपल्या बरसीमचे भावंड. युरोपात ते पेरले गेले जनावरांसाठी, वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेत गेले, आणि 19व्या शतकात तिथल्या घरांत त्याच्या गुलाबी फुलांचा काढा ‘रक्तशुद्धी’साठी उकळू लागला. खोकला असो की खरूज, उपाय तोच. पुढे हीच फुले घातलेले एक बाटलीबंद मिश्रण कर्करोगावर खपवले गेले. अमेरिकेत त्याच्या विक्रीवर 1960 मध्ये बंदी आली.

आज मात्र या काढ्याचा विषय निघाला की पहिला इशारा येतो तो ‘रक्त पातळ होते’ हा. त्याचे मूळ दुसऱ्याच वनस्पतीत आहे. 1920च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापली की रक्त थांबतच नसे. त्यांच्या पुढ्यात असे ते स्वीट क्लोव्हर, पांढऱ्या-पिवळ्या फुलांचे, वेगळ्या प्रजातीचे, आणि तेही ओलाव्याने बुरसटलेले. हातात पैसा नसल्याने खराब चारा फेकून देणे शेतकऱ्यांना परवडत नव्हते. 1933च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून मॅडिसनच्या प्रयोगशाळेत पोहोचला. गाडीत मेलेली कालवड, तोच बुरसटलेला चारा, आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त. तिथून रक्त गोठू न देणारे डायकुमरॉल हे द्रव्य सापडले, 1948 मध्ये त्याच्याच घराण्यातले वॉरफरिन उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि 1954 पासून माणसांना रक्त पातळ करणारे औषध म्हणून मिळू लागले.

म्हणजे दोष बुरशीचा. चाऱ्यातले कुमरिन हे मूळचे द्रव्य जसेच्या तसे रक्त पातळ करत नाही. बुरशी त्याचे डायकुमरॉल करते. लाल क्लोव्हरच्या माथी हा ठपका बसला तो बराचसा नावातल्या ‘क्लोव्हर’मुळे. तरी फुले सावलीत कडक वाळवावीत, तपकिरी पडलेली किंवा कुबट वासाची टाकून द्यावीत, हे जुन्या बायकांचे शहाणपण इथे नेमके लागू पडते. आणि वॉरफरिन चालू असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा काढा घेऊ नये, हेही खरेच.

ज्या इशाऱ्याकडे जास्त लक्ष हवे तो ऑस्ट्रेलियातून आला. 1940च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हरच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. ते भुईक्लोव्हर होते, पण त्यातले इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागणारे फॉर्मोनोनेटिन लाल क्लोव्हरमध्येही असते. गरोदरपणात आणि स्तनाच्या कर्करोगानंतर हा काढा टाळायला सांगतात तो यामुळे.

याच गुणावर 1990च्या दशकात रजोनिवृत्तीच्या गोळ्या निघाल्या, लाल क्लोव्हरचे 40 मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन (फॉर्मोनोनेटिनच्या गटातली द्रव्ये) मोजून भरलेल्या. 2002 मध्ये हार्मोन उपचारांची मोठी अमेरिकन चाचणी धोक्यामुळे थांबली आणि बायका वनस्पतींकडे वळल्या. पुढच्याच वर्षी 252 स्त्रियांवरच्या 12 आठवड्यांच्या चाचणीत या गोळ्यांनी अंगातून निघणाऱ्या वाफा नकली गोळीइतक्याच कमी केल्या. घरच्या कपात किती उतरते, हे तर फुलांवर आणि उकळण्यावर. तिथे मोजमाप नाहीच.