लांब पल्ल्याचे धावणे व आरोग्य

मैदानी खेळांत साधारणपणे ३,००० मीटर व त्यापुढच्या शर्यती लांब पल्ल्याच्या मानतात. हौशी धावपटूंच्या बोलण्यात मात्र त्याचा अर्थ ‘टेन के’ (१० किमी.), ‘हाफ’ (२१.०९७५ किमी.) किंवा ‘फुल’, म्हणजे ४२.१९५ किमी.ची मॅरेथॉन. ज्या ग्रीक दंतकथेवरून मॅरेथॉनला नाव पडले, तिच्यातला दूत विजयाची बातमी सांगून जागीच कोसळतो. त्यामुळे हे धावणे तब्येतीला मानवते का, ही शंका त्याला पहिल्यापासूनच चिकटलेली आहे.

धावण्याचा लाभ होतो, याबद्दल आता फारसा वाद नाही. अमेरिकेत सुमारे ५५,००० प्रौढांवर सरासरी १५ वर्षे नजर ठेवणाऱ्या पाहणीत (२०१४) धावणाऱ्यांमध्ये हृदयरोगाने होणारे मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी आढळले. रोज पाच-दहा मिनिटे संथ धावणाऱ्यांनाही बराच फायदा दिसला. (मुळात धडधाकट माणूसच धावायला निघतो, हेही खरे.) तेव्हा फुल धावायची ती हौसेने, तब्येतीसाठी तेवढी गरज नाही.

मुरलेल्या धावपटूची नाडी बसल्या जागी मिनिटाला ४०-५० वर येते; हृदय बळकट झाल्याची ही खूण. पण धावणे म्हणजे हृदयाचा विमा नव्हे. अमेरिकेत धावण्याचे वेड पसरवणारे जिम फिक्स १९८४ मध्ये ५२व्या वर्षी धावतानाच गेले. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या, आणि वडिलांचाही चाळिशीतच हृदयविकाराने मृत्यू झाला होता. अमेरिकेतल्या २०००–२०१० मधील फुल व हाफ शर्यतींत सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंपैकी ५९ जणांचे हृदय बंद पडले. फुलमध्ये हे प्रमाण लाखात एक, हाफमध्ये त्याच्या पावपट.

गुडघे झिजतात, हा घरोघरी मिळणारा सल्ला. हौशी धावणाऱ्यांबाबत आकडे मात्र वेगळेच सांगतात: २०१७ च्या एका एकत्रित आढाव्यात खुबा-गुडघ्याचा संधिवात हौशी धावपटूंत ३.५, बैठ्या लोकांत १०.२, तर स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के होता.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असूनही दमट हवेमुळे पहाटे काळोखातच सुटते. घाम अंगावर वाळत नाही. साडेचार-पाच तासांनी पोचणाऱ्यांच्या काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे ओघळ उमटलेले असतात. अशा वेळी तहान नसताना घटाघटा पाणी प्यायले, तर रक्तातले सोडियम घसरते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्क्यांत ते कमी भरले. मळमळ, डोकेदुखी, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे ऊन लागल्यासारखीच दिसतात, आणि मदतीला आलेला माणूस आणखी पाणी पाजतो.