वसतिगृह चळवळ, कोल्हापूर

कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी उभी राहिलेली बोर्डिंगे आणि त्यांच्या धर्तीवर पुढे महाराष्ट्रात इतरत्र रुजलेली शिक्षणसोय. कोल्हापूरला ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते यामुळेच. जात, घरची जमीन आणि गाव यांवर मुलाचे पुढचे आयुष्य किती ठरते, या प्रश्नाच्या चर्चेत या बोर्डिंगांचा दाखला हटकून दिला जातो.

पार्श्वभूमी : राजाराम हायस्कूल आणि १८८० मध्ये सुरू झालेले राजाराम कॉलेज यांमुळे वरच्या शिक्षणाची सोय कोल्हापुरात होती, तिचा लाभ मात्र मोजक्या घरांनाच मिळे. महाराजांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते, असा आकडा चरित्रकार देतात. हा फरक केवळ फीमुळे पडलेला नव्हता. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला शहरात वार लावून (आठवड्याच्या दर वारी एकेका घरी) जेवता येई, माधुकरी मागता येई, कुणा आप्ताच्या वाड्यात पथारी टाकायला पडवी मिळे. भुदरगड किंवा पन्हाळा पेट्यातून (तालुक्यासारख्या विभागातून) आलेल्या कुणब्याच्या मुलाला पेठेत ओळखीचे दार नसे. अस्पृश्य मुलाला पैसे मोजूनही कोणी जागा देत नसे. गरीब दोघेही, पण शहरात आधार एकालाच. हा मुद्दा चळवळीच्या इतिहासात बहुधा ओझरता येतो. वास्तविक सगळा प्रश्न तेथेच होता.

प्रारंभाविषयी मतभेद : चळवळीचा आरंभ कोणत्या वर्षापासून धरावा याबद्दल एकवाक्यता नाही. काही अभ्यासक १८९६ च्या सुमारास राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींसाठी काढलेल्या वसतिगृहापासून सुरुवात मानतात. हा प्रयोग फार काळ टिकला नाही; व्यवस्था व भटारखाना ब्राह्मणांच्या हाती राहिल्याने इतर जातींची मुले तेथून गळाली, असे याचे कारण सामान्यतः दिले जाते. दुसरे मत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग (१९०१) हेच पहिले खरे वसतिगृह मानते. त्यामागे एक कथाही सांगतात : परगावाहून शिकायला आलेल्या एका मराठा विद्यार्थ्याने राहण्याची अडचण महाराजांच्या कानावर घातली आणि त्यातून बोर्डिंगची कल्पना निघाली. कथेचे तपशील निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आढळतात, तेव्हा तिला निमित्तापलीकडे महत्त्व देऊ नये. श्रेय एकट्या महाराजांचे की भास्करराव जाधवांसारख्या सुशिक्षित अधिकाऱ्यांचेही, हा वाद याच्याशीच निगडित आहे. पैसा आणि जागा दरबारची, तर दैनंदिन व्यवस्था त्या त्या समाजातील शिकलेल्या मंडळींची, ही विभागणी पाहता दोन्ही बाजू परस्परपूरक वाटतात. आरंभवर्ष मात्र १९०१ धरणेच अधिक सयुक्तिक, कारण त्यानंतर मालिका खंडली नाही.

१९०१ मध्येच दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. मुस्लिम बोर्डिंग (१९०६), लिंगायत बोर्डिंग (१९०७ च्या आसपास), अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग (१९०८), ढोर-चांभार बोर्डिंग (१९१९), प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग (१९२०) ही त्यापुढची ठळक नावे. नामदेव शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, कायस्थ प्रभू, वैश्य, देवांग कोष्टी, भारतीय ख्रिस्ती या समाजांचीही बोर्डिंगे होती. मिस क्लार्क हे नाव मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येवरून दिले गेले. यांपैकी अनेक इमारती आजही दसरा चौकाच्या परिसरात एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत. ही सारी सोय मुलग्यांसाठी होती.

जातवार रचनेचा प्रश्न : जातिभेद मोडू पाहणाऱ्या राजाने जातवार बोर्डिंगे का काढली, हा आक्षेप जुना आहे. एका मते त्यामुळे जातीचे अभिमान पक्के झाले. दुसऱ्या मते एका पंगतीला बसण्याचीच तयारी नसलेल्या समाजात दुसरा मार्ग नव्हता. १८९६ च्या प्रयोगाचा अनुभव लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या मताला आधार नाही असे मात्र नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्यांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या भाऊरावांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली आणि त्याला शाहू महाराजांचेच नाव दिले. 

परिणाम : निव्वळ राहण्याजेवण्याच्या सोयीने चित्र पालटणार नाही, हे दरबारच्या लवकर ध्यानात आले. २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार अपेक्षेप्रमाणे झाला नाही, याचे कारण शिक्षणाचे फळ, म्हणजे नोकरी, पुरेशा लोकांपर्यंत पोचत नाही, असे निदान करून त्यात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा या वर्गांसाठी राखल्या. जाहीरनाम्याचा उल्लेख नेहमी आरक्षणाच्या संदर्भात होतो. त्यातील हे निदान फारसे कोणी उद्धृत करीत नाही. १९१७ च्या हुकुमाने प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता.

लाभ सर्वांना सारखा झाला नाही. गावाकडे थोडीफार जमीन असलेल्या मराठा, जैन, लिंगायत घरांतील मुले बोर्डिंगच्या आधाराने वकील, मामलेदार, शिक्षक झाली. बलुतेदार आणि भूमिहीन कुटुंबांत मोठा मुलगा शहरात राहणे म्हणजे घरातले दोन कमावते हात कमी होणे. तेथे जेवण फुकट असूनही मुले अर्ध्यातून परतत. महार वतने (गावकीच्या सेवेच्या मोबदल्यात दिलेल्या जमिनी) १९१८ मध्ये खालसा करून जमिनी रयताव्याने, म्हणजे इतर रयतेप्रमाणे सारा भरून कसण्यासाठी, देण्याचा निर्णय झाला, त्यामागे हीच जाण असावी.

उत्तरकाल : संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर बहुतेक बोर्डिंगे त्या त्या समाजाच्या विश्वस्त मंडळांकडे राहिली. शिवाजी विद्यापीठाच्या (१९६२) ‘कमवा व शिका’ योजनेने काम करून शिकण्याचा मार्ग उघडला. राधानगरी, गगनबावडा, चंदगड भागांतील पालक शहरातल्या मुलांसाठी एसटीने जेवणाचे डबे धाडीत. फडक्यात बांधलेल्या भाकऱ्यांचा डबा स्टँडवर उतरवून घ्यायला मुले वेळेवर हजर असत. आता कॉट बेसिसच्या (एका खाटेपुरते भाडे घेणाऱ्या) खोल्या, खासगी मेस आणि अभ्यासिका यांनी त्या व्यवस्थेची जागा बऱ्याच अंशी घेतली आहे आणि त्यांचे भाडे हाच गावाकडच्या मुलांपुढचा मुख्य खर्च ठरतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राज्य शासनाच्या स्वाधार योजनेतून भोजन व निवासासाठी रक्कम थेट बँक खात्यात मिळते.