आंतरराष्ट्रीय मानवाधिकार कायद्यात मास्टर्स: ब्रिटनमधला प्रवेश, केंद्राची परदेश शिष्यवृत्ती आणि लागणारी कागदपत्रं

एलएलबीच्या शेवटच्या वर्षातली किंवा एखाद्या संस्थेत दोन-चार वर्षं काम केलेली मुलं-मुली मला हा प्रश्न नेहमी विचारतात. मानवाधिकार कायदा बाहेर जाऊन शिकायचाय, घरी पैसे नाहीत, जमेल का? जमतं. पण अडतं ते बहुतेक वेळा हुशारी कमी पडल्यामुळे नाही, तर कागद चुकीच्या क्रमाने गोळा केल्यामुळे. म्हणून हा क्रम सविस्तर सांगते. ब्रिटनचं उदाहरण घेतलंय, कारण तिथे मास्टर्स साधारण एका वर्षात होतं आणि शिष्यवृत्तीचे रस्तेही जास्त आहेत.

आधी अभ्यासक्रम. कायद्याची पदवी असेल, मग तीन वर्षांची असो की पाच, तर एलएलएम, म्हणजे कायद्यातलं मास्टर्स. नसेल तरी दार बंद नाही. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, समाजकार्य किंवा पत्रकारितेच्या पदवीवर मानवाधिकार या विषयात एमए करता येतं. एसेक्स विद्यापीठात दोन्ही आहेत: कायदेवाल्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानवाधिकार कायद्याचं एलएलएम आणि इतरांसाठी मानवाधिकारांचा सिद्धान्त व व्यवहार यावरचं एमए. तिथलं ह्युमन राइट्स सेंटर या क्षेत्रात फार मानाचं आहे आणि विद्यार्थ्यांना तिथल्या क्लिनिकमधून, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वर्गातून, प्रत्यक्ष प्रकरणांवर काम करायला मिळतं. नॉटिंगहॅमचं मानवाधिकार कायदा केंद्र 1993 पासून आहे. ऑक्सफर्डचा या विषयातला अभ्यासक्रम अर्धवेळ आहे, म्हणजे वकिली चालू ठेवून मधल्या सत्रांपुरतं तिथे जायचं. ज्यांची प्रॅक्टिस बसली आहे त्यांनी तो जरूर पाहावा.

आता पैशांचं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी 125 जागा असतात: 115 अनुसूचित जातींना, 6 विमुक्त, भटक्या आणि अर्धभटक्या जमातींना, 4 भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांना. त्यांतल्या 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची वेगळी योजना आहे, तिच्या 20 जागा आहेत.

पात्रता अशी. पदवीला किमान 60 टक्के किंवा तेवढी श्रेणी. निवडीच्या वर्षी 1 एप्रिलला वय 35 पेक्षा कमी. कुटुंबाचं सगळं मिळून वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत. क्यूएस या संस्थेच्या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या 500 मधल्या विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र हातात. एका आईवडिलांच्या दोनच मुलांना लाभ मिळतो. पूर्ण फी सरकार भरतं. त्याशिवाय ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता वर्षाला 9,900 पौंड आणि पुस्तकं वगैरे खर्चासाठी 1,100 पौंड. विमानाचं तिकीट, व्हिसा फी आणि आरोग्य विमाही त्यात धरलेला असतो.

महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वेगळी. ती पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयामार्फत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते, जागा 75. अलीकडच्या जाहिरातींत क्यूएस क्रमवारीत 200 च्या आतलं विद्यापीठ मागितलेलं असतं, आणि इथेच मानवाधिकारवाल्यांची अडचण होते. विषयात एसेक्स अव्वल, पण विद्यापीठाच्या एकूण क्रमवारीत ते 200 च्या आत येत नाही. क्रमवारी विद्यापीठाची असते, विभागाची नाही. त्यामुळे राज्याच्या योजनेसाठी ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, एडिनबरा, नॉटिंगहॅम अशी नावं धरावी लागतात आणि एसेक्स बसलंच तर केंद्राच्या योजनेत, तेही त्या वर्षी 500 च्या आत असेल तर. क्रमवारी दरवर्षी खालीवर होते, म्हणून अर्ज भरायच्या दिवशीचं पान छापून फाइलला लावा. मराठा समाजासाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. ज्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 साली कोलंबियाला गेले, त्यांचंच नाव. ओबीसींसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची योजना आहे.

जात किंवा उत्पन्नाची अट नसलेली वाट म्हणजे चिव्हनिंग, ब्रिटिश सरकारची. तिला पदवी आणि 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षं. स्वयंसेवी काम आणि इंटर्नशिपचे तासही मोजले जातात हे फार जणांना ठाऊक नसतं. कायदा मदत केंद्रात, वस्तीवरच्या अभ्यासिकेत, पीडितांच्या सोबत कोर्टात घातलेले तास आजपासून वहीत लिहून ठेवा आणि संस्थेकडून पत्र घ्या. अर्ज ऑगस्टमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतो. तीन अभ्यासक्रम निवडायचे असतात. शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं भारतात राहायची अट आहे.

आता केंद्राच्या योजनेतली एक अट नीट वाचा, कारण ती नेमकी आपल्या विषयावर येते. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांपासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारित सामाजिक अभ्यासाचे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले आहेत. कोणता विषय त्यात मोडतो हे निवड समिती ठरवते. जातीचा अनुभव सोसून वर आलेल्या मुलाने जातीचा अभ्यास बाहेर जाऊन करू नये, ही अट मला अन्यायाची वाटते आणि ती बदलायलाच हवी. तोपर्यंत तिच्या आत राहून, खोटं न बोलता, अर्ज करायचाय. मानवाधिकार कायद्याचं एलएलएम हा मुळात आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यासक्रम आहे, भारताचा नाही. वंशभेद निर्मूलनाच्या 1965 च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या पहिल्याच कलमात वंश आणि रंगासोबत ‘डिसेंट’ म्हणजे जन्माने आलेलं कूळ हा शब्द आहे. तो तिथे भारताच्या प्रतिनिधीच्या सूचनेवरून आला. 2002 मध्ये त्या कराराच्या समितीने 29 क्रमांकाची सर्वसाधारण शिफारस काढून सांगितलं की कुळावरून होणाऱ्या भेदभावात जातही येते. जपानमधले बुराकू, येमेनमधले मुहम्मशीन यांचेही प्रश्न याच शब्दाखाली येतात. करार, त्याची देखरेख करणारी समिती, देशोदेशीचे अहवाल हा विषय घेतलात तर तो खरोखर आंतरराष्ट्रीय आहे आणि तुमच्या मनातला प्रश्नही त्यातून बाहेर राहत नाही.

याच धर्तीवर विद्यापीठाला द्यायचं उद्देशपत्र लिहा. पानभर ‘मला लहानपणापासून अन्यायाची चीड आहे’ असं लिहिलेलं मी फार वाचलंय. त्या चिडीबद्दल मला आदर आहे, पण प्रवेश समितीला त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी एक प्रसंग घ्या. तुम्ही ज्या तालुक्याच्या कोर्टात उभे राहिलात, तिथे अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या एका गुन्ह्यात फिर्याद नोंदवायला किती दिवस गेले, कोणता कागद अडला, तुम्ही काय केलंत. मग पुढचा प्रश्न: याचं उत्तर कुठल्या करारात, कुठल्या समितीपुढे शोधता येईल? आणि या विद्यापीठातला कोणता विषय त्यासाठी लागतो? एवढं पुरतं. आपल्याकडची उदाहरणं इतकी मोठी आहेत की परक्यांची उसनी घ्यायला नकोत. मानवाधिकारांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ ऐवजी ‘ऑल ह्युमन बीइंग्ज’ व्हावं म्हणून अडून बसलेल्या हंसाबेन मेहता मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. 10 डिसेंबर 1948 ला जाहीरनामा मंजूर झाला तो तो शब्द घेऊनच.

प्रवेशासाठी विद्यापीठाकडे थेट ऑनलाइन अर्ज करायचा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, परीक्षा विभागाकडून घेतलेलं ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत एकत्रित उतारा), उद्देशपत्र, सीव्ही, पासपोर्ट आणि दोन शिफारसपत्रं. ट्रान्सक्रिप्टला वेळ लागतो, ते सगळ्यात आधी मागवा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. कायद्याच्या अभ्यासक्रमांना बहुतेक ठिकाणी 6.5 ते 7 बँड मागतात आणि लेखनाच्या पेपरला वेगळी किमान मर्यादा असते. आपल्या मुलांचं लेखनातच अर्धा बँड जातो, म्हणून तयारीचा वेळ तिथे घाला.

शिफारसपत्राची एक गोष्ट. विद्यापीठं शिफारस देणाऱ्या प्राध्यापकांना थेट ईमेल करतात आणि तो पत्ता संस्थेचा असावा अशी अपेक्षा असते. आपल्या कितीतरी कॉलेजांत सर आणि मॅडम जीमेलच वापरतात. मग पत्र पोचतं, पण पडताळणीत अडकतं. कॉलेजच्या ऑफिसात आधी बोला, संस्थेचा ईमेल सुरू करून घ्या, नाहीतर लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र स्कॅन करून ठेवा.

यापेक्षाही जास्त जीव खाणारी गोष्ट म्हणजे नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, बाकी नाव दुसऱ्या ओळीत. आधारवर आणखी तिसरंच. मराठवाड्यातल्या एका मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव ‘ज्ञानोबा’ होतं, पासपोर्टवर ‘ज्ञानदेव’ आणि जातीच्या दाखल्यावर नुसतं ‘डी.’. तिघंही एकच माणूस. तिचे सहा आठवडे त्यात गेले. शेवटी प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नोंद दोन्ही करावी लागली. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर राजपत्राची प्रत काढूनच ठेवावी. आज संध्याकाळी सगळे कागद सतरंजीवर पसरा आणि स्पेलिंगचं एकेक अक्षर ताडून बघा. दुरुस्ती करायची ती पासपोर्ट काढण्याआधी करा.

शिष्यवृत्तीच्या अर्जाला जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन कणे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून. तलाठ्याचा अहवाल आधी लागतो आणि मार्चअखेरीला तलाठी कार्यालयात गर्दी असते. घरात कुणी आयकर विवरण भरत असेल तर त्याची प्रतही जोडा. केंद्राच्या योजनेसाठी जातीचा दाखला केंद्रीय नमुन्यातला आणि मूळ अनुसूचित जातीचं नाव लिहिलेला हवा. नुसतं ‘नवबौद्ध’ लिहिलेल्या राज्याच्या दाखल्यावर केंद्राकडे अडचण येते. तो प्रांत कार्यालयातून नव्याने काढून घ्या. राज्याच्या योजनेला जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. ते नसेल तर जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज आजच करा, कारण त्याला महिने लागतात.

केंद्राचं पोर्टल गेल्या काही वर्षांत फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान उघडत आलंय. इथे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो. निकाल लागेपर्यंत विद्यापीठ सशर्त प्रवेशपत्रच देतं, आणि शिष्यवृत्तीला विनाअट पत्र लागतं. आपल्याकडे एलएलबीचे निकाल जूनच्या पुढे जातात. म्हणून माझा सल्ला असा की पदवी हातात घ्या, ते एक वर्ष काम करा, दिल्लीत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची चार आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली तर करा आणि पुढच्या फेरीला अर्ज टाका. ते वर्ष वाया जात नाही, उद्देशपत्रात उतरतं. यादीत नाव आलं म्हणजे सगळं झालं असंही धरू नका. 2025-26 च्या निवडीत 106 जणांची नावं आली आणि पहिल्या टप्प्यात तात्पुरती मंजुरीपत्रं फक्त 40 जणांना गेली, बाकीच्यांची निधी मिळण्यावर सोडली. म्हणून चिव्हनिंगचा अर्जही सोबत ठेवा आणि प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येईल का ते विद्यापीठाला लेखी विचारून ठेवा.

मंजुरीपत्र आलं की ते विद्यापीठाला पाठवा. अनामत रक्कम बहुतेकदा त्यामुळे माफ होते आणि सीएएस क्रमांक, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेश पक्का झाल्याचा क्रमांक, निघतो. त्याआधी विद्यापीठ छोटी व्हिडिओ मुलाखत घेऊ शकतं. अभ्यासक्रमातले विषय तोंडपाठ नकोत, पण माहीत हवेत. व्हिसासाठी पासपोर्ट, सीएएस, क्षयरोग नसल्याचं मान्यताप्राप्त केंद्राचं प्रमाणपत्र आणि पैशांचा पुरावा लागतो. सरकारी शिष्यवृत्ती फी आणि निर्वाह दोन्ही उचलत असेल तर तिचं पत्रच पुरावा ठरतं. स्वतःच्या पैशाने जाणाऱ्यांची रक्कम खात्यात सलग 28 दिवस पडून असायला हवी. क्षयरोगाचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं. व्हिसासोबत भरायचा विद्यार्थ्यांचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड आहे आणि एक वर्षाच्या मास्टर्सला व्हिसाची जादाची मुदत धरून तो साधारण 1,164 पौंड होतो.

भत्ता लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयामार्फत मिळतो आणि पोचल्यावर तिथे हजेरी नोंदवावी लागते. पहिला हप्ता खात्यात यायला वेळ लागतो. खोलीचं भाडं आणि अनामत मात्र पहिल्याच दिवशी द्यावी लागते. दीड-दोन महिन्यांचा खर्च स्वतःजवळ असेल अशी सोय घरून निघण्याआधी करा, आणि सगळ्या मूळ कागदांचा एक जोड सुटकेसमध्ये नको, हातातल्या बॅगेत ठेवा.